एएचयू रूमचं दार उघडून पाहा

मुंबई-पुण्याकडच्या मोठ्या ऑफिस इमारतींत प्रत्येक मजल्यावर, बहुधा लिफ्टच्या किंवा टॉयलेटच्या बाजूला, एक कायम बंद असलेलं दार दिसतं. वर 'एएचयू' (म्हणजे एअर हँडलिंग युनिट) एवढीच पाटी. हे दार ओढलं तर सहजासहजी उघडत नाही. आतला पंखा खोलीतली हवा सतत खेचत असतो, त्यामुळे दार चौकटीला घट्ट चिकटून बसतं आणि हिसका द्यावा लागतो. आत गेलं की पत्र्याची एक भलीमोठी पेटी, तिची घरघर, गार पाण्याचे जाड इन्शुलेशन केलेले पाइप आणि पेटीच्या तोंडाशी ओळीने बसवलेल्या दोन-दोन फुटी चौकोनी चौकटी. या चौकटी म्हणजे एअर फिल्टर. मजल्यावरची दोन-तीनशे माणसं दिवसभर जी हवा श्वासात घेतात, ती यांच्यातून गाळून येते. वीस हजार चौरस फुटांचा मजला धरला, तर तिथे साधारण वीस हजार सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला वीस हजार घनफूट हवा फिरवणारा एएचयू असतो. छत नऊ फुटी असेल तर मजल्यावरच्या सगळ्या हवेइतकी हवा दर नऊ मिनिटांनी या खोलीतून जाऊन येते.

आणि नेमकी हीच खोली इमारतीची अडगळ होऊन बसते. फिनेलचे कॅन, ओले मॉप, रंगाचे अर्धे डबे, मोडक्या खुर्च्या. जागा दिसली की कुणीतरी काहीतरी आणून टेकवतो. बऱ्याच इमारतींत परतीच्या हवेला वेगळा डक्ट नसतो. फॉल्स सीलिंगच्या वरून आलेली हवा थेट या खोलीत मोकळी होते आणि तिथून पंखा ती ओढून घेतो. म्हणजे ही खोलीच डक्टचा एक तुकडा असते. इथे उघडा राहिलेला थिनरचा डबा बघता बघता अख्ख्या मजल्याला वास देतो. त्यामुळे फिल्टर कोणता घ्यायचा हा प्रश्न पुढचा. आधी ही खोली रिकामी करून धुऊन-पुसून घ्यावी आणि तिची किल्ली हाऊसकीपिंगच्या जुडग्यातून काढून टेक्निशियनकडे द्यावी.

एसीच्या यंत्रात फिल्टर मुळात माणसांसाठी आला नाही, कॉइलसाठी आला. गार पाणी खेळणाऱ्या तांब्याच्या नळ्या आणि त्यांवरचे ॲल्युमिनियमचे पातळ पंख यांच्यात धूळ बसली, की गारवा कमी होतो, वीज जास्त जाते आणि ओलसर धुळीत बुरशी वाढते. ती धूळ अडवण्यापुरती जाळी पुढे लावायची, एवढंच फिल्टरचं काम समजलं जाई. अजूनही कित्येक ठिकाणी खरेदी याच समजुतीने होते. धूळ अडते ना, मग झालं. पण कॉइलला त्रास देणारी धूळ आणि फुप्फुसाला त्रास देणारी धूळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉइलवर साचतात ते धागे, केस, कार्पेटची लव, मोठे कण. फुप्फुसात खोल जातात ते अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, म्हणजे पीएम २.५. डोक्याचा केस पन्नास-सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज येईल. हे कण नाकात अडकत नाहीत, वायुकोशांपर्यंत पोचतात आणि त्यांतले अगदी बारीक कण रक्तातही उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये प्रदूषित बाहेरच्या हवेला आणि तिच्यातल्या या कणांना कर्करोगकारक ठरवलं आहे.

आपल्या राष्ट्रीय मानकानुसार पीएम २.५ ची वार्षिक सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा ५ वर आणली. हिवाळ्यात मुंबईची हवा आपल्याच चोवीस तासांच्या ६० च्या मर्यादेलाही अनेकदा ओलांडते. ही हवा काचेच्या इमारतीत शिरत नाही असं वाटतं, पण ती फ्रेश एअरच्या लूव्हरमधून, म्हणजे बाहेरची हवा आत घेणाऱ्या झडपेतून शिरते, लॉबीच्या दारातून शिरते, पार्किंगमधून लिफ्टच्या शाफ्टमधून वर चढते. शिवाय आतही कण तयार होत असतात. पॅन्ट्रीतला टोस्टर, प्रिंटर, कार्पेटवरून फिरणारी माणसं, रिसेप्शनवरच्या तसबिरीसमोरची सकाळची अगरबत्ती. माणूस दिवसातले आठ-नऊ तास या हवेत काढतो. ऑफिसच्या फिल्टरकडे म्हणूनच पंप आणि बल्बच्या यादीतली एक ओळ म्हणून बघू नये, असं माझं ठाम मत आहे.

आता फिल्टर कण पकडतो कसा? तो चाळणीसारखा काम करतो, असा सार्वत्रिक समज आहे. चाळणीचं भोक लहान केलं की लहान खडा अडतो, तसं काही तरी. प्रत्यक्षात फिल्टरच्या तंतूंमधली मोकळी जागा पकडल्या जाणाऱ्या कणांपेक्षा कितीतरी मोठी असते. मोठा कण जड असतो. हवा तंतूला वळसा घालून जाते, पण कणाला तेवढं वळता येत नाही आणि तो सरळ जाऊन तंतूवर आदळतो. मधल्या आकाराचा कण हवेबरोबर वळतो खरा, पण तंतूच्या फार जवळून जाताना त्याला घासून चिकटतो. आणि अगदी सूक्ष्म कणाला हवेचे रेणू सगळीकडून धक्के देत असतात. तो सरळ जातच नाही, भरकटत राहतो आणि भरकटता भरकटता कुठल्या तरी तंतूला लागतो. एकदा लागला की सुटत नाही.

यातून एक चमत्कारिक गोष्ट निघते. सर्वांत लहान कण पकडायला सर्वांत अवघड नसतात. अवघड असतात ते मधले, साधारण ०.१ ते ०.३ मायक्रॉनचे. आदळण्याइतके ते जड नाहीत आणि भरकटण्याइतके हलके नाहीत. नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ आयर्विंग लँगम्यूर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैद्धांतिक विचार करून ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा हा अडचणीचा आकार दाखवून दिला होता. त्याच दशकात अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पाला हवेतले किरणोत्सर्गी कण अडवायचे होते आणि त्या गरजेतून आजच्या हेपा फिल्टरचा पूर्वज तयार झाला. हेपाच्या खोक्यावर '०.३ मायक्रॉनला ९९.९७ टक्के' असं छापलेलं असतं, त्याचा अर्थ असा की सगळ्यांत कठीण आकारावर परीक्षा घेतली आहे. त्याहून लहान आणि त्याहून मोठे, दोन्ही कण तो अधिक चांगले पकडतो.

कण पकडण्याची चौथी युक्ती विजेची. पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंवर टिकाऊ विद्युतभार चढवला, की ते कणांना ओढून घेतात. एन ९५ मास्क याच युक्तीवर चालतो आणि बाजारातले पुष्कळ फिल्टरही. यामुळे विरळ कापडातूनही चांगली गाळणी होते, पंख्यावर ताण येत नाही, किंमतही कमी राहते. २०२० साली एन ९५ मास्क धुऊ नका असं सगळीकडे सांगितलं जात होतं ते आठवत असेल. धुतला की भार जातो. मास्क तसाच दिसतो, पण त्याची पकड गेलेली असते. फिल्टरवरचा भारही असाच जातो. धुण्याने तर जातोच, पण बारीक धूळ आणि धुराचे कण बसत गेले की न धुताही हळूहळू क्षीण होतो. म्हणून नव्या फिल्टरवर छापलेला आकडा सहा महिन्यांनंतर खरा राहीलच असं नाही.

फिल्टरची पकड सांगायला बाजारात तीन वेगवेगळ्या भाषांतले आकडे फिरतात आणि खरेदी विभागाचा गोंधळ इथेच होतो. अमेरिकेच्या ॲश्रे संस्थेचं मानक मर्व्ह क्रमांक देतं, १ ते १६. मर्व्ह ८ म्हणजे तीन ते दहा मायक्रॉनचे किमान ७० टक्के कण आणि एक ते तीन मायक्रॉनचे किमान २० टक्के कण पकडणारा. एक मायक्रॉनखालच्या कणांबद्दल तो कसलीच हमी देत नाही. मर्व्ह १३ म्हणजे ०.३ ते १ मायक्रॉनचे किमान निम्मे, एक ते तीनचे ८५ टक्के आणि त्याच्या वरचे ९० टक्के. जुनी युरोपीय पद्धत जी ४, एफ ७ अशी अक्षरं वापरते. ती २०१८ मध्ये मागे पडली, पण आपल्याकडच्या कोटेशनांत अजून ठाण मांडून आहे. त्यातला एफ ७ साधारण मर्व्ह १३ च्या जवळ जातो. तिच्या जागी आलेलं आयएसओ १६८९० हे मानक मला सर्वांत प्रामाणिक वाटतं. ते थेट पीएम १, पीएम २.५, पीएम १० या, प्रदूषणाच्या बातम्यांतून ओळखीच्या झालेल्या मापांत उत्तर देतं. 'ईपीएम १, ५५ टक्के' असं लिहिलं असेल तर एक मायक्रॉनपर्यंतच्या कणांपैकी किती अडणार ते कळतं. शिवाय या चाचणीत फिल्टरला आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाफेत ठेवून त्याचा विद्युतभार उतरवतात आणि त्यानंतरची कामगिरीही मोजतात. उसन्या भारावर तगून असलेला फिल्टर इथे उघडा पडतो. मर्व्हमध्येही अशी चाचणी आहे, पण ऐच्छिक. तिचा निकाल 'मर्व्ह-ए' म्हणून देतात. व्हेंडरकडे तो मागावा.

याशिवाय आपली एक देशी पद्धत आहे. '१० मायक्रॉन, ९० टक्के' किंवा '५ मायक्रॉन, ९९ टक्के'. हे आकडे पिढ्यान्‌पिढ्या एका टेंडरमधून दुसऱ्यात उतरत आले आहेत. कोणत्या धुळीवर, हवेच्या किती वेगाला, कोणत्या चाचणीने, यातलं काहीच त्यात नसतं. आणि पाच मायक्रॉनला ९९ टक्के असणारा फिल्टर पीएम २.५ चं काय करतो, यावर तो आकडा गप्प असतो. ऑफिससाठी अशा आकड्यावर फिल्टर घेऊ नये.

मग घ्यावा कोणता? साध्या ऑफिस इमारतीसाठी माझं उत्तर दोन टप्प्यांचं आहे. पुढे मर्व्ह ८ चा घड्यांचा प्रीफिल्टर आणि त्यामागे मर्व्ह १३ किंवा ईपीएम १ चा ५० टक्क्यांच्या वरचा, जास्त खोल फाइन फिल्टर. ॲश्रेचं व्हेंटिलेशनचं मानक कॉइलच्या आधी किमान मर्व्ह ८ मागतं आणि बाहेरच्या हवेत पीएम २.५ राष्ट्रीय मर्यादेच्या वर असेल तर त्या हवेसाठी किमान मर्व्ह ११. कोविडनंतर मर्व्ह १३ ची शिफारस सर्वमान्य झाली. प्रीफिल्टर स्वस्त असतो, वारंवार बदलता येतो, आणि महागड्या फाइन फिल्टरचं आयुष्य वाढवतो. शेजारी टॉवर उभा राहत असेल तर हा प्रीफिल्टर निम्म्या वेळात भरेल. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या बांधकामांभोवती ३५ फुटी पत्रे आणि धुळीवर पाणी मारणं सक्तीचं केलं, तरी त्या पत्र्यांवरून उडणारी धूळ विसाव्या मजल्याच्या लूव्हरपर्यंत पोचतेच.

सरळ हेपाच का नको, हा प्रश्न कोविडनंतर प्रत्येक मीटिंगमध्ये येतो. ऑपरेशन थिएटरला हेपा हवाच, औषध कारखान्याच्या क्लीनरूमलाही हवा. तिथले पंखे त्यासाठीच निवडलेले असतात. ऑफिसचा एएचयू तसा नसतो. नव्याकोऱ्या हेपा फिल्टरमधून हवा ढकलायलाच पंचवीस मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतका, म्हणजे सुमारे २५० पास्कल दाब लागतो. ऑफिसच्या पंख्याची एकूण ताकदच चाळीस-पन्नास मिलिमीटरची असते आणि तिच्यातून कॉइल, डक्ट, डिफ्युझर हे सगळं भागवायचं असतं. हेपा लावला की हवा निम्म्यावर येते, लोक गरम होतंय म्हणून ओरडतात आणि आठवड्यात कुणीतरी फिल्टर काढून भिंतीला टेकवून ठेवतो. दुसरीकडे ऑफिसची हवा पुन्हा पुन्हा फिरत असते. नऊ मिनिटांचा फेरा म्हणजे तासाला साडेसहा-सात वेळा. मर्व्ह १३ ने प्रत्येक फेरीत सूक्ष्म कणांतले निम्मे जरी पकडले, तरी तासाला मजल्याच्या हवेच्या तिप्पट शुद्ध हवा मिळाल्यासारखं होतं. एका फेरीतल्या टक्क्यापेक्षा टक्के गुणिले हवा हा हिशेब महत्त्वाचा.

यात पैसा कुठे जातो, ते खरेदी विभागाला एकदा कागदावर मांडून दाखवावं. आपल्या वीस हजार सीएफएमच्या एएचयूत सेकंदाला सुमारे ९.४ घनमीटर हवा जाते. फिल्टरमुळे सरासरी १०० पास्कल जादा दाब पडला आणि पंखा, मोटर, बेल्ट मिळून कार्यक्षमता ५५ टक्के धरली, तर १.७ किलोवॉट जादा वीज लागते. दिवसाला बारा तास, वर्षाला तीनशे दिवस म्हणजे सहा हजारांवर युनिटं. युनिटचा दर दहा रुपये धरला तरी वर्षाला साठ हजारांच्या वर खर्च, एका मजल्याचा, फक्त शंभर पास्कलसाठी. या एएचयूला दोन फुटी दहा फिल्टर लागतात, कारण एका फिल्टरमधून दोन हजार सीएफएम हवा नेणं सोयीचं असतं. नगामागे दोनशे रुपये वाचवून दोन हजारांची बचत दाखवली आणि जास्त दाबाचा फिल्टर आला, तर ती बचत पहिल्या महिन्याच्या वीजबिलातच जाते. मर्व्ह १३ च्याच दोन फिल्टरांत दाबाचा मोठा फरक असतो. ज्यात कापड जास्त, घड्या खोल किंवा व्ही-आकाराच्या, त्याचा दाब कमी आणि आयुष्य जास्त. म्हणून कोटेशनमध्ये किमतीच्या शेजारी ठरावीक सीएफएमला सुरुवातीचा दाब किती, हा रकाना असलाच पाहिजे.

हा हिशेब व्हीएफडी, म्हणजे पंख्याचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण, लावून हवा कायम राखणाऱ्या एएचयूचा आहे. व्हीएफडी नसेल तर बिल तेवढं वाढत नाही, पण फिल्टर भरत जाईल तशी हवाच कमी होत जाते. टोकाच्या केबिनला गारवा पोचत नाही, थर्मोस्टॅट खाली ओढला जातो, चिलर जास्त वेळ चालतो. पैसा तिथून जातो.

फिल्टर बदलायचा कधी? बहुतेक एएमसीत, म्हणजे देखभालीच्या वार्षिक करारात, 'दर महिन्याला सफाई, दर तिमाहीला बदल' असं काहीतरी असतं. तारीख पाळणं सोपं असतं, पण दिवाळीनंतरचे तीन महिने आणि पावसाळ्याचे तीन महिने धुळीच्या दृष्टीने सारखे नसतात. नजरेने ठरवावं तर तेही फसवं. कळकट दिसणारा फिल्टर अजून चांगला असू शकतो. किंबहुना विद्युतभारावर विसंबून नसलेला फिल्टर धुळीचा थर बसल्यावर आणखी बारीक कण पकडतो. असा फिल्टर लवकर बदलणं म्हणजे पैसे टाकून कमी गाळणारा फिल्टर लावणं. खरं उत्तर एका छोट्या तबकडीत असतं. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब दोन बारीक नळ्यांनी एका गोल गेजला जोडलेला असतो. साइटवर त्याला सगळे मॅग्नेहेलिक म्हणतात. काटा मिलिमीटरमध्ये किंवा पास्कलमध्ये फरक दाखवतो. नवा प्रीफिल्टर लावला त्या दिवशी सात मिलिमीटर असेल, तर तो आकडा मार्करने गेजच्या शेजारी पत्र्यावर लिहून ठेवावा. काटा पंधरा-अठरापर्यंत चढला की नव्या संचाची ऑर्डर द्यावी आणि उत्पादकाने दिलेल्या कमाल दाबाच्या, बहुधा पंचवीस मिलिमीटरच्या, बरंच आधी बदलून घ्यावा.

गेज वाचताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक, पंखा बंद असताना काटा शून्यावर येतो का आणि सुरू झाला की वर चढतो का. कित्येक गेजची रबरी नळी निघालेली असते आणि काटा वर्षभर शून्यावर झोपलेला असतो. लॉगबुकमध्ये मात्र रोज 'ओके'. दुसरी गोष्ट अनुभवी टेक्निशियनसुद्धा विसरतात. व्हीएफडीवर पंखा सकाळी ३५ हर्ट्‌झला आणि दुपारी ५० ला चालत असेल, तर तोच फिल्टर सकाळी कमी आणि दुपारी जास्त दाब दाखवतो. म्हणून रीडिंग नेहमी एकाच हर्ट्‌झवर घ्यावं आणि लॉगबुकमध्ये दाबाशेजारी हर्ट्‌झही लिहावे. काटा चढण्याऐवजी अचानक खाली आला तर खूश होऊ नये. कुठला तरी फिल्टर फाटला आहे किंवा चौकटीतून निसटला आहे.

निसटण्याचं हे प्रकरण फार महत्त्वाचं आहे. हवेला जिथे अडथळा कमी तिथून ती जाते. फिल्टर जितका दाट, तितकी शेजारच्या फटीची ओढ जास्त. दोन फिल्टरांमधली बोटभर फट मर्व्ह १३ चं काम मर्व्ह ८ वर आणून ठेवू शकते. ही फट शोधायला कुठलंही यंत्र लागत नाही. एएचयू बंद करून फिल्टर काढा आणि फ्रेमच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा. जिथून हवा वळसा घालून जात होती तिथे पत्र्यावर काळपट पट्टे उमटलेले असतात, कडेला गडद आणि पुढे फिकट होत गेलेले. चार कोपऱ्यांपैकी एकाच कोपऱ्यात पट्टा असेल तर तिथली क्लिप तुटलेली असते. पूर्ण कडेला असेल तर फोमचं गॅस्केट दबून कडक झालेलं असतं. गॅस्केटची पट्टी आणि स्प्रिंग क्लिप यांना फिल्टरच्या मानाने काहीच किंमत नसते, पण ऑर्डरमध्ये त्या कधीच नसतात. मग सेलोटेप लावून भागवलं जातं, आणि दमट हवेत ती आठवड्यात सुटते.

धुण्याबद्दल स्पष्टच लिहायला हवं. ॲल्युमिनियमच्या फ्रेममधले सिंथेटिक कापडाचे फिल्टर धुता येतात म्हणून आपल्याकडे लोकप्रिय आहेत. प्रीफिल्टर म्हणून ते चालतीलही. पण टेरेसवर नळाच्या जोराच्या धारेखाली, कपड्याच्या ब्रशने घासून धुतलेल्या कापडाचे तंतू विस्कटतात, भार गेलेला असतो, आणि चार-पाच धुण्यांनंतर ते केवळ केस आणि माश्या अडवतं. पावसाळ्यात आणखी पंचाईत. जुलैत टेरेसवर काही वाळत नाही. संध्याकाळपर्यंत फिल्टर परत बसवायचा असतो म्हणून तो ओलाच बसवला जातो. ओलं कापड, त्यावरची धूळ आणि अंधार, बुरशीला आणखी काय हवं? दोन दिवसांनी मजल्यावर कुबट वास येतो आणि रूम फ्रेशनर मारला जातो. धुण्याचा फिल्टर ठेवायचाच असेल तर दोन संच ठेवावेत, एक पूर्ण वाळेपर्यंत दुसरा चालवावा. फाइन फिल्टर धुऊ नये. कॉम्प्रेसरची हवा मारून झटकूही नये; त्याने कापडाला डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात आणि सगळी धूळ झटकणाऱ्याच्या छातीत जाते. पावसाळ्याआधी फ्रेश एअर लूव्हरवरचा पावसाचा छज्जा तपासावा आणि कॉइलखालच्या ड्रेन ट्रेचा ट्रॅप मोकळा करावा. फाइन फिल्टरचा दाब वाढला नसला तरी तो वर्षाच्या पलीकडे ठेवू नये.

बदलण्याच्या दिवशी घाई नको. आधी आयसोलेटर बंद करून त्याला कुलूप. टेक्निशियनला एन ९५ आणि हातमोजे. जुना फिल्टर जागच्या जागी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावा. भरलेल्या चौकटी लिफ्टमधून उघड्या नेताना त्यातली धूळ दुसऱ्या मजल्यांना वाटली जाते. नव्या फिल्टरच्या कडेवर बाण असतो, तो पंख्याकडे. घड्या उभ्या, आडव्या नाहीत. पंखा सुरू करून पाच मिनिटांनी गेज वाचून तारखेसह लिहायचं.

फिल्टरकडून होत नाही ते काम त्याच्यावर लादू नये. तो कण पकडतो, वायू पकडत नाही. मीटिंग रूममध्ये दहा जण तासभर बसले आणि झापड येऊ लागली, तर दोष बहुधा कार्बन डायऑक्साइडचा आणि कोंडलेल्या हवेचा. बाहेर तो ४२० पीपीएमच्या आसपास असतो, कोंडलेल्या खोलीत सहज १५०० च्या वर जातो. त्यावर कुठलाच फिल्टर चालत नाही, बाहेरची हवाच आणावी लागते. आणि बऱ्याच एएचयू रूममध्ये बाहेरच्या हवेच्या लूव्हरवर प्लायवूड किंवा पुठ्ठा लावून टेप मारलेली सापडते. चिलरचा भार कमी व्हावा म्हणून एखाद्या मे महिन्यात ऑपरेटरने लावलेली असते आणि पुढे ती निघतच नाही. उत्तम फिल्टर लावून हा पुठ्ठा तसाच ठेवला, तर माणसं धूळ नसलेल्या, पण शिळ्या हवेत बसतात.

वायूचा दुसरा मामला मुंबईचा खास. मिठी नदीच्या किंवा उघड्या नाल्याच्या काठच्या इमारतींत एसीच्या तांब्याच्या कॉइलला सुईच्या टोकाएवढी भोकं पडून गॅस उडतो, ही इथल्या मेकॅनिकांची जुनी तक्रार आहे. नाल्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तांब्याला खातो, सर्व्हरच्या बोर्डांवरची चांदीही काळी करतो. मर्व्ह १३ काय किंवा हेपा काय, यातून तो आरपार जातो. त्याला फ्रेश एअरच्या वाटेवर सक्रिय कोळशाचा किंवा परमँगनेट भरलेल्या दाण्यांचा वेगळा टप्पा लागतो, आणि ते दाणे किती उरले हे दाबावरून कळत नाही. नमुना लॅबला पाठवून तपासावा लागतो.

मराठी वाचकांपैकी निम्मे तरी अशा मोठ्या इमारतींत बसत नसतील. सीएचं ऑफिस, दवाखाना, क्लास, पतपेढीची शाखा. तिथे एएचयू नसतो, छतात कॅसेट एसी किंवा भिंतीवर स्प्लिट असतो. त्यातली निघणारी जाळी निव्वळ कॉइलसाठी आहे, पीएम २.५ साठी नाही. तिच्या जागी दाट कापड कोंबलं तर हवा अडते आणि कॉइलवर बर्फ धरतो. अशा जागी वेगळा एअर प्युरिफायर ठेवणं हाच खरा उपाय, आणि तो खोलीच्या मापाने निवडावा. वीस बाय पंधरा फुटांची, दहा फुटी छताची वर्गखोली म्हणजे सुमारे ८५ घनमीटर हवा. तासाला पाच फेरे हवे असतील तर सीएडीआर, म्हणजे यंत्र दर तासाला देत असलेली शुद्ध हवा, ४२५ घनमीटर तरी हवी. यंत्रावर छापलेला सीएडीआर सर्वांत जास्त वेगाचा असतो. त्या वेगाला आवाज इतका होतो की मास्तर यंत्रच बंद करून टाकतात, म्हणून गरजेपेक्षा मोठं यंत्र घेऊन मधल्या वेगावर चालवावं. दोन बॅचमधल्या पंधरा मिनिटांत खिडक्या आणि दार समोरासमोर उघडून पंखा पूर्ण वेगाने लावावा, आणि प्युरिफायर मात्र त्या वेळी बंद न करता खिडक्या लावल्यानंतर तसाच पुढच्या बॅचमध्ये चालू ठेवावा.